दंडाच्या पावत्या

मी कोतवाल. एकतीस वर्षं
जत तालुक्यात नोटिसा वाटल्या.
हलगी माझी, घसा माझा,
मजकूर वरून यायचा.

दरसाल सुगीच्या आधी
तलाठी भाऊसाहेब मोटरसायकलवर, मी पाठीमागं,
बोर नदी ओलांडून गायरानाच्या माळावर.
गट नंबर चारशे सतरा, पोटखराब.
खराब हा शब्द ज्यानं कागदावर बसवला
तो त्या माळावर अनवाणी चालला नसावा,
नाहीतर याहून वाईट शब्द शोधला असता.

निंगव्वा ऐवळे तिथं धोंडे वेचायची.
पाटीभर धोंडे, पुन्हा पाटीभर.
धोंड्यांचा ताल झाला, तालाला माती अडली,
मातीत हुलगा आला, मग मटकी,
मग एके साली छातीएवढी बाजरी.
भाऊसाहेबांनी लिहिलं:
अनधिकृत बाजरी, अंदाजे दोन एकर.
मी खाली सही केली, पंच क्रमांक दोन.
पाखरं मात्र ती बाजरी राजरोस खात होती.

दंड सात रुपये. पुढं पंधरा. पुढं साठ.
बाकीच्या बाया गयावया करायच्या.
निंगव्वा कनवटीची गाठ सोडायची,
पैसे मोजायची, आणि हात पुढं करायची:
"पावती द्या."
भाऊसाहेब हसायचे,
चोरीची पावती मागती बघ म्हातारी.
तेव्हा ती म्हातारी नव्हती.
मीही हसलो होतो.
हेही पंचनाम्यात घ्या.

यंदा माळावर सौरऊर्जेची पाटी लागली.
मोजणीवाले आले, चुना, टेप, लोखंडी खुंट्या.
खड्डा घेतला की त्यात एक बाई जाऊन बसायची.
बारा खड्डे, बारा बाया.
दगड कुणी उचलला नाही.
या माळावर दगड उचलून उचलून
हात आधीच दमलेत, चंपाबाई म्हणाली.
तेराव्यात केंगारांची पोर बसली
मांडीवर वही घेऊन, अपूर्णांक सोडवत.
दुपारी त्यांनीच मोजणीवाल्यांना ताक दिलं,
पोलिसाला दिलं, मला दिलं.
माझ्या घशाखाली ते लवकर उतरेना.

मग जतच्या कचेरीसमोर लिंबाखाली ठिय्या.
शेळ्यासुद्धा आल्या, घरी सांभाळणार कोण?
एकोणिसाव्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं.
ताबा जुना कशावरून? पुरावा काय?

निंगव्वानं डालड्याचा डबा उघडला.
पावत्या निघाल्या, गोधडीच्या दोऱ्यात ओवलेल्या,
सालवार.
सात रुपये. पंधरा. साठ.
एक उंदरानं कुरतडलेली,
एकीवर हळदीचं बोट,
आणि प्रत्येकीवर शिक्का, सरकारच्याच हातची ओळ:
सदर बाईने सदर जमीन कसली.

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.
आम्ही दरसाल तिला गुन्हा फाडून देत होतो,
ती दरसाल सातबारा ओवत होती.

साहेब म्हणाले, ही सही कुणाची?
पंच क्रमांक दोन कोण?

माझी नोकरी चार महिने उरलेली.
कोतवालाला पेन्शन नसते, भीती असते.
दारात चप्पल काढली, आत गेलो.
"मी, साहेब.
बाजरी मी पाहिलीय.
दरसाल."

जमीन मिळाली का, विचाराल.
फाइल सांगलीला गेली आहे.
तारीख पडली आहे.
लिंबाखाली आज नऊ जणी, शेळ्या अकरा,
त्यातली एक कालच व्यालेली.
निंगव्वा कानडीत म्हणते, नम्दु. आमचं.
'माझं' याला तिच्याकडं शब्द असेलही,
मी ऐकला नाही.

त्या दिवशी साहेबांनी अर्ज ठेवून घेतला,
या म्हणाले आता.
ती उठली नाही.
हात पुढं केला,
तोच हात, आता जरा थरथरणारा:
"पोच द्या."